जावा बेटातील खेड्यात अकरा महिने

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि त्यानंतर हातात लेखणी आली ती वाण्याच्या यादीपुरती. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला की, तुम्ही एवढे परदेशात राहून आलात, तेव्हा चार शब्द बोलायलाच हवेत. मी म्हटले, परदेश कसला? खेड्यातच राहिले मी. तर त्या म्हणाल्या, तेच सांगा.

आपल्या इचलकरंजीत मागाचे काम येत नाही असे घर विरळा. आमच्या ह्यांचा हात नव्या पद्धतीच्या मागांवर बसलेला. इंडोनेशियात जावा नावाचे बेट आहे, तेथील एका कापडगिरणीत ह्यांना मागांची देखभाल करण्याचे काम मिळाले. हे आधी गेले आणि २०२३ च्या जूनमध्ये मी गेले. मुलीचे लग्न झालेले, मुलगा आजीजवळ राहिला. मुंबईहून विमान, मध्ये सिंगापूरला बदलायचे, मग जकार्ता, आणि तेथून दिवसभर आगगाडीने सोलो शहर. खिडकीतून पाहते तो दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, नारळ, केळी, कौलारू घरे. मला वाटले, कोकणातच आले की काय!

गिरणीजवळच्या खोल्या महाग, म्हणून ह्यांनी देलांगूच्या बाजूला एका खेड्यात घर भाड्याने घेतले होते. देलांगू हे क्लातेन जिल्ह्यात, सोलो आणि जोग्या या दोन शहरांच्या मध्ये आहे. आपल्याकडे आजऱ्याच्या घनसाळचे नाव निघते तसे तिकडे देलांगूच्या तांदळाचे निघते. ‘रोजोलेले’ ही तिथली नावाजलेली जात. शिजला की सुवास शेजारी कळतो. जवळच मेरापी नावाचा ज्वालामुखी आहे. सकाळी स्वच्छ असले म्हणजे अंगणातून दिसतो, डोक्यावर धुराची शेंडी. पहिले आठ दिवस मी रोज उठून आधी तिकडे पाहत असे. मग सवय झाली. सवय कशाचीही होते.

गाव सगळे मुसलमानांचे. मी कुंकू लावणारी, मंगळसूत्र घालणारी. मनात धाकधूक होती, खोटे कशाला सांगू? पण भाषा ऐकली आणि अर्धी भीती गेली. गावाला ‘देसा’ म्हणतात. गावच्या मुख्याला ‘कपाला देसा’, म्हणजे गावाचे कपाळच की! नवऱ्याला ‘सुआमी’, बायकोला ‘इस्त्री’, मुलीला ‘पुत्री’, पापाला ‘दोसा’ आणि पैशाला ‘रुपिया’. नावाला ‘नामा’ म्हणतात. या शेवटच्या शब्दाकडे मी पुन्हा येणार आहे.

घरमालकीण पन्नाशीच्या बाई. त्यांना सगळे ‘इबू’ म्हणत. इबू म्हणजे आई. त्या पुढच्या घरात राहत, आम्ही मागच्या दोन खोल्यांत. पहिल्या संध्याकाळी त्यांनी दुधाशिवायचा, मोगऱ्याच्या वासाचा, पाकासारखा गोड चहा दिला आणि लगेच म्हणाल्या, चला, ‘एरते’कडे जाऊन येऊ. मला वाटले, हे कोणी देवस्थान असावे.

एरते म्हणजे शेजाराची वस्ती. तीसचाळीस घरांची एक वस्ती, तिचा प्रमुख घराघरांनी मिळून निवडलेला. अशा काही वस्त्या मिळून त्याहून मोठी वस्ती. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तो देश १९४२ ते १९४५ असा ताब्यात ठेवला, तेव्हा माणसांवर नजर ठेवायला त्यांनी ही पद्धत बसवली असे म्हणतात. जपानी गेले, पद्धत राहिली. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते की, पाहुण्याने चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी. आमच्या पासपोर्टच्या नकला दिल्या, वहीत नावे लिहिली. मला ते आवडले नाही. आपण काय चोर आहोत? एकदा जकार्ताहून ह्यांच्या ओळखीचे दोघे मराठी गृहस्थ दोन रात्री मुक्कामाला आले आणि वर्दी द्यायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख स्वतः दारात उभे! रागावले नाहीत. हसतहसत चहा प्याले आणि वही उघडून बसले. मी मात्र मनातल्या मनात चडफडले.

त्या वहीची किंमत मला पुढे कळली. त्याआधी डबड्याची गोष्ट सांगते.

तेथे प्रत्येक घराच्या पुढच्या भिंतीला एक लहानसे डबडे किंवा पेला टांगलेला असतो. मला वाटले, चिमण्यांना पाणी. तर त्याला ‘जिंपितान’ म्हणतात. जिंपित म्हणजे चिमूट. रोज संध्याकाळी घरच्या बाईने त्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे. रात्री गस्तीची माणसे येतात, प्रत्येक डबडे आपल्या पिशवीत ओततात आणि पुढे जातात. आता पुष्कळ घरी तांदळाऐवजी पाचशे रुपियाचे नाणे टाकतात. पाचशे ऐकून दचकू नका, आपल्या तीन रुपयांहूनही ते कमी. या चिमटीचिमटीतून रस्त्यावरचा दिवा होतो, आजाऱ्याला मदत होते, मयताचे साहित्य होते. पण खरी गंमत पुढेच आहे. डबडे ओतायचे म्हणजे गस्तवाल्याला रोज रात्री प्रत्येक दारापर्यंत जावेच लागते. कोपऱ्यावर बसून शिट्टी फुंकली आणि झाले, असे चालत नाही. आणि एखाद्या म्हातारीचे डबडे दोन दिवस रिकामे दिसले तर सकाळी कोणीतरी विचारायला जाते. ज्याने कोणी हे काढले त्याने घर चालवलेले असले पाहिजे!

गस्तीला ‘रोंडा’ म्हणतात. घरटी एका पुरुषाने आठवड्यातून एक रात्र जागायचे. कोपऱ्यावर लहानशी चौकी, तिच्यात टीव्ही, चहा, भुईमुगाच्या शेंगा. निम्मी गस्त शेंगा खाण्यातच जाते, हे इबूंचे म्हणणे. चौकीत पोकळ लाकडाचा एक ठोकळा टांगलेला असतो, त्याला ‘केंतोंगान’ म्हणतात. संथ ठोके म्हणजे सर्व क्षेम. भराभर, न थांबता वाजला म्हणजे संकट. आमच्या ओसरीतही बांबूचा लहान केंतोंगान होता. मी त्याला शोभेची वस्तू समजून पुसून ठेवत असे.

पावसाळ्यात, २०२४ सालच्या सुरुवातीला, त्या भागात डेंग्यूची साथ आली. मलाही ताप आला. ह्यांची रात्रपाळी, आणि गिरणीत फोन पेटीत ठेवून आत जावे लागते. मध्यरात्री ओकाऱ्या सुरू झाल्या. उभी राहायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. इबूंना हाका मारायला आवाज निघेना. कशीबशी ओसरीपर्यंत सरपटत गेले आणि तो बांबू धरून काठीने बडवत सुटले. दोन मिनिटे झाली नसतील, आठदहा पुरुष काठ्या घेऊन अंगणात! त्यांना वाटले, चोर शिरला. पाहतात तो चोर नाही, पदराचेही भान नसलेली मी जमिनीवर. मला लाज वाटली, पण त्या माणसांनी एकदा पाहिले आणि सगळ्यांनी तोंडे फिरवून पाठ केली. इबू आल्या, त्यांनी माझ्या अंगावर चादर घातली, पोराच्या मोटारसायकलवर मला मध्ये बसवले, मागे स्वतः बसून मला घट्ट धरले, आणि सरकारी दवाखान्यात नेले. दवाखान्यात माझे नाव, वय, कुठली, कोणाची कोण, हे सगळे प्रमुखांनी फोनवरून सांगितले. वहीतून वाचून.

पाच दिवस मी तेथे होते. तिसऱ्या दिवशी मंडळीच्या मंडळी एका उघड्या छोट्या ट्रकमध्ये उभी राहून मला पाहायला आली, वीसएक बायका! आजाऱ्याला असे मिळून पाहायला जाण्याला जावात ‘तिलिक’ म्हणतात. त्यावर २०१८ साली एक लहानसा चित्रपटही निघाला आहे. कोणी पेरूचा रस आणला. आपल्याकडे डेंग्यूला पपईचा पाला देतात, तिकडे तांबड्या पेरूचा रस. वर्गणीचे एक पाकीट उशीखाली सरकवले. तोपर्यंत मी त्यांतल्या निम्म्या बायकांची नावेही शिकले नव्हते.

प्रवासाचे थोडक्यात सांगते, कारण आपल्याला पुष्कळसे ओळखीचेच आहे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. बायका सर्रास दुचाकी चालवतात, डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट आणि पायाशी तांदळाचे पोते. रस्त्याकडेच्या दुकानातून लिटरलिटरच्या बाटल्यांत पेट्रोल भरून ठेवलेले. मी पहिल्यांदा त्याला सरबत समजले होते. देलांगूहून आगगाडीने सोलो किंवा जोग्याला जायला आठ हजार रुपिया, म्हणजे आपले चाळीस-पंचेचाळीस रुपये. ही विजेची गाडी २०२१ पासून सुरू झाली आहे. गाडी स्वच्छ, आणि एकटी बाई बसली तरी कोणी वळून पाहत नाही. एकच शिकवण इबूंनी दिली : दुचाकीवर मागे बसताना पिशवी रस्त्याच्या बाजूला लटकवू नकोस, खेचून नेतात. म्हणजे चोर तिकडेही आहेतच. मध्ये सेपर नावाचे स्टेशन लागते, त्या भागात लोखंड ओतण्याचे कारखाने आहेत. त्या वासाने मला शिरोलीची आठवण येई.

त्याच गाडीने मी प्रांबाननला गेले. नवव्या शतकातील शंकराचे देऊळ. उत्तरेच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी उभी आहे. मी हात जोडले, तर बरोबरची शेजारीण म्हणाली, ही आमची रोरो जोंगरांग. तिच्यावर भाळलेल्या एका पुरुषाला या राजकन्येने अट घातली की, एका रात्रीत हजार देवळे बांध, मग लग्न करीन. तो बांधत आला. तेव्हा तिने गावच्या बायकांना उठवून भात कांडायला लावले आणि पूर्वेला जाळ केला. पहाट झाली असे वाटून कोंबडे आरवले आणि एक देऊळ कमी राहिले. त्याने शाप देऊन तिची मूर्ती केली. शेजारीण हे सांगताना अशी खुशीत हसली की जणू ती स्वतःच त्या रात्री मुसळ घेऊन उठली होती.

आता भिशी. तिला तिकडे ‘अरिसान’ म्हणतात आणि एकही खेडे तिच्यावाचून नाही. महिन्याला एकदा जमायचे, पैसे जमा करायचे, बरणीतून चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिला सगळी रक्कम. माझा पहिला दिवस होता. वही फिरत आली. मी सवयीने ह्यांचे नाव पुढे घालून लिहू लागले. वही धरणारी बाई म्हणाली, हे तुझ्या नवऱ्याचे, तुझे नामा काय? जावात पुष्कळांना आडनावच नसते, लग्नानंतर बाईचे नावही बदलत नाही. बोलताना हाक मारतील नवऱ्याच्या नावाने, पण कागदावर तिचे तेच लिहितील. मी माझे एकट्याचे नाव लिहिले. किती वर्षांनी, देव जाणे. शाळेच्या दाखल्यानंतर पहिल्यांदाच असेल.

जेवणे झाली, गप्पा निघाल्या. तुझे तिकडे घर आहे का? आहे म्हटले. शेती? वडिलांची होती. तेव्हा इबूंनी साधाच प्रश्न केला, ‘आतास नामा सियापा?’ म्हणजे, कोणाच्या नावावर?

मला उत्तर देता आले नाही. भाषा येत होती, तरीही.

इबूंचे घर त्यांच्या आईचे. भाताचे खाचर वडिलांकडून आले. भाऊ जकार्ताला असतो, त्याचा वाटा वेगळा. नवरा लग्नानंतर यांच्याच घरी राहायला आला आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. त्या देशात १९७४ सालच्या विवाहाच्या कायद्यात असे आहे की, लग्नानंतर दोघांनी मिळवले ते दोघांचे. माहेरून किंवा वारशाने जे आले ते ज्याचे त्याच्या ताब्यात. दोघांच्या मिळकतीला जावात ‘गोनो-गिनी’ म्हणतात आणि हा शब्द भाजीवाल्या बाईलाही ठाऊक असतो. परक्याला तेथे मालकीहक्काने जमीन घेता येत नाही, तसा १९६० चा कायदा आहे. म्हणून ह्यांच्या मनात चार पैसे तिकडे गुंतवायचे आले होते ते जागच्या जागी राहिले. गावचा मुख्य आणि कारभारी यांना जमीन कसायला देण्याची चाल आहे, आपल्याकडच्या जुन्या पाटीलकीच्या वतनासारखी. हे ऐकून ह्यांना फार मौज वाटली.

इबूंच्या खाचराचा कागद हिरव्या पुठ्ठ्याचा. तो त्यांनी मला एकदा दाखवला. २७ मे २००६ रोजी पहाटे त्या भागात मोठा भूकंप झाला. पाच हजार सातशेहून अधिक माणसे गेली. इबूंचे घर बसले, त्यात त्यांची सासूही गेली. विटांच्या ढिगातून त्यांनी हाताने काय काढले? आधी पोर, मग सासू, आणि तिसऱ्या दिवशी तो कागदांचा पत्र्याचा डबा. शेजारच्या घरांनी मिळून एकेक करून सगळ्यांची घरे पुन्हा उभी केली. दोन वर्षांनी नवऱ्याचे मन फिरले आणि तो दुसरीकडे गेला. इबू म्हणाल्या, तो गेला त्या रात्री मी खूप रडले. पण कुठे झोपू, हा प्रश्न मला पडला नाही.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील २०१३ साली वारले. शिरोळ तालुक्यात तीन एकर उसाची जमीन. वर्षश्राद्धाला गेले असताना दोघा भावांनी कागद पुढे केला. हक्कसोडपत्र. वहिनी म्हणाली, वन्संनी काय, भावाच्या दारी मान राहिला म्हणजे झाले. मी वाचलेही नाही, सही केली. वाचता येत असून वाचले नाही! परत येताना एक साडी आणि उसाच्या रसाचे दोन कॅन. मुलीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा आपल्या महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि सगळ्या देशात २००५ मध्ये झाला, हे मला नंतर या मंडळातच एका वकीलबाईंच्या व्याख्यानात कळले. भावांनी फसवले असे मी म्हणत नाही. त्यांच्यावर कर्ज होते. पण त्यांनी मला विचारलेही नाही आणि मीही त्यांना काही विचारले नाही. कागद झाला तो झाला. तो आता उलटायचा नाही, असे वकिलांचे मत पडले.

तिकडे सगळे सोन्याचे आहे असेही नाही हो. त्याच गावातल्या तरण्या मुली घरकामासाठी हाँगकाँग, तैवान, मलेशियाला जातात आणि त्यांची तान्ही पोरे आजीजवळ वाढतात. गस्तीची पाळी पुरुषांची आणि जमणाऱ्यांचा चहा मात्र बायकांनी करायचा. मुसलमानी वारशात मुलीला मुलाच्या निम्मे, आणि पुष्कळ घरांत तसेच वाटतात. कोणी जावाच्या चालीने सारखे वाटतात, आणि त्यावरून भांडणेही होतात. शिवाय वस्तीत कोणाची कुठली गोष्ट लपत नाही. ह्यांनी एकदा माझ्यावर आवाज चढवला तर दुसऱ्या दिवशी भाजीवालीने मला विचारले!

पुढे गिरणीचे काम मंदावले, ह्यांची मुदत वाढली नाही. मे २०२४ मध्ये निघायचे ठरले. माझी भिशी अजून लागली नव्हती. मी गप्प राहिले, परक्या मुलखात पैशासाठी काय बोलायचे? निघण्याआधीच्या बैठकीत बरणी फिरली, चिठ्ठी निघाली आणि नाव माझे! सगळ्या हसू लागल्या, तेव्हा मला संशय आला. बरणी पालथी केली तर आत एकच चिठ्ठी होती, तीच.

घरी आल्यावर महिनाभर मी काही बोलले नाही. मग एके रात्री जेवताना ह्यांना विचारले, आपले हे घर कोणाच्या नावावर आहे? हे म्हणाले, माझ्या, आणखी कोणाच्या असणार? मी म्हटले, बावीस वर्षे मी याच्यासाठी कांड्या भरल्या, भिशी घातली, आतास नामा सियापा? हे हातातला घास ठेवून बसून राहिले. रागावले असावेत. दोन दिवस नीट बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, त्या डेंग्यूच्या रात्री मी गिरणीत होतो, उद्या मला काही झाले तर तू कोणाच्या अंगणात बांबू वाजवशील? चल, वकिलाकडे जाऊ.

कागद मागच्या महिन्यात झाला. निम्मे घर माझ्या नावावर बक्षीसपत्राने आले आहे, आणि महापालिकेत घरफाळ्याला नाव लावण्याचा अर्ज दिला आहे. तेथील गृहस्थांनी मला तीनदा विचारले, बाई, कशासाठी? तीनदा मी तेच सांगितले, नाव लावण्यासाठी. अजून खेटे चालू आहेत. माझ्या मुलीला मी निक्षून सांगितले आहे की, तुझ्या दादापुढे असा कागद कधी आला तर आधी वाच, मग मला फोन कर.

इबूंनी निघताना मला त्यांच्या भिंतीवरचे डबडे दिले. ते मी आणले आहे. मागे फराळाच्या टेबलावर ठेवले आहे, पाहून घ्या. आमच्या दाराला ते मी दोन महिने टांगले होते. शेजारच्या चार घरांनीही आपापली टांगतो म्हटले, दोघींनी टांगलीही. मात्र रात्री फिरायचे कोणी, हे अजून ठरलेले नाही. माझ्या डबड्यात सध्या दूधवाला त्याचे बिल टाकून जातो.

घंटा वाजली. अध्यक्षीणबाईंनी दिलेली वेळ संपलेली दिसते, तेव्हा मी बसते.